गॅस कमी नव्हता, जास्त होता : २००९ सालच्या एका मोटारीच्या एसीचे प्रकरण

वाहन आणि तक्रार

या प्रकरणातील मोटार २००९ साली ठाण्यात नोंदवली गेलेली, पेट्रोलवर चालणारी, पाच दारांची लहान गाडी आहे. तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे २०२४ च्या सुरुवातीला पूर्ण झाली. मालकीणबाईंनी आरटीओत गाडी तपासून घेतली, पर्यावरण कर भरला आणि नोंदणी पुढील पाच वर्षांसाठी, म्हणजे २०२९ पर्यंत, वाढवून घेतली. हा तपशील एसीच्या दुरुस्तीशी दूरचा वाटेल. परंतु पुढे खर्चाचा जो निर्णय झाला तो याच मुदतीवर आधारलेला होता, म्हणून त्याची नोंद आरंभीच करणे आवश्यक आहे.

मालकीण निवृत्त शिक्षिका आहेत आणि आमच्या वर्कशॉपमध्ये सगळे त्यांना 'बाई' म्हणतात, तेव्हा येथेही तसाच उल्लेख करतो. त्या मानपाड्याला राहतात आणि आठवड्यातून एक-दोनदा मुलीकडे नेरूळला जातात. मे महिन्याच्या मध्यावर त्या गाडी घेऊन वागळे इस्टेटमधील आमच्या वर्कशॉपमध्ये आल्या तेव्हा त्यांची तक्रार तीन वाक्यांची होती : एसी गार करत नाही, गॅस दर वर्षी एप्रिलमध्ये भरावा लागतो, आणि या वर्षी भरलेला गॅस तीन आठवड्यांतच गेला. गॅस भरून देणाऱ्या गॅरेजने त्यांना कंप्रेसर, म्हणजे एसीचा वायू दाबून फिरवणारा पंप, बाद झाल्याचे सांगितले होते आणि कंप्रेसर, कंडेन्सर व ड्रायर बदलण्याचा अंदाज तीस हजारांच्या आसपास दिला होता. या वयाच्या गाडीवर एवढा पैसा घालावा की काचा खाली करून पाच वर्षे काढावीत, हा त्यांचा प्रश्न होता.

'गॅस गेला' हे वाक्य आमच्या धंद्यात तपासणीआधीच उच्चारले जाते आणि ग्राहकाच्याही तोंडी बसलेले आहे. म्हणून ते बाजूला ठेवून एसी नेमका कोठे, कधी आणि किती वेळाने कमी पडतो, एवढेच आम्ही बाईंना विचारले. वर्गात हजेरी घेतल्यासारखे नेटके उत्तर मिळाले. सकाळी सातला निघाल्यास एसी उत्तम चालतो. दुपारी निघाल्यास कापूरबावडी आणि माजिवड्याच्या कोंडीत वारा कोमट होऊ लागतो. साकेतवरून कळव्याचा पूल ओलांडून विटाव्याला अडकले की तो पूर्ण गरम होतो आणि बोनेटखालचा 'टक्' असा आवाज होऊन इंजिन अचानक हलके पडते. पुढे ठाणे-बेलापूर रस्त्यावर गाडीने वेग घेतला की रबाळे-घणसोलीच्या आसपास पुन्हा गारवा येतो. परतीच्या वाटेवर हेच उलट्या क्रमाने घडते.

गॅस खरोखर कमी असता तर गाडी चालती असो वा उभी, सकाळ असो वा दुपार, गारवा एकंदरीत कमीच राहिला असता. धावताना बरा आणि उभा राहिल्यावर वाईट, ही लक्षणे बहुतांश वेळा कंडेन्सरवरून वारा नीट जात नसल्याची असतात. कंडेन्सर म्हणजे रेडिएटरच्या पुढे बसवलेली ती सपाट जाळी, जिच्यात कंप्रेसरमधून आलेला तप्त वायू आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रव बनतो. गाडी धावत असताना समोरचा वारा हे काम करतो; गाडी उभी असताना सगळी भिस्त पंख्यावर असते. तरीही अनुमानावर काम सुरू न करता आम्ही गेज, म्हणजे दाबमापक, लावले.

उभ्या गाडीचा दाब

पहिले वाचन इंजिन सुरू करण्याआधीच घ्यायचे असते आणि बहुतेक ठिकाणी तेच वगळले जाते. गाडी रात्रभर आमच्या शेडमध्ये उभी होती. सकाळी हवेचे तापमान ३० अंश सेल्सिअस होते आणि दोन्ही गेजवर, म्हणजे सक्शन (कंप्रेसरमध्ये वायू येण्याची) व डिस्चार्ज (त्यातून बाहेर पडण्याची) या दोन्ही बाजूंना, ९८ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब दिसत होता. या एसीतला 'गॅस' म्हणजे आर-१३४ए हा वायू; त्याचा ३० अंशांना असणारा संपृक्त दाब, म्हणजे द्रव आणि वायू एकत्र असतानाचा दाब, ९७ पीएसआयच्या जवळपास असल्यामुळे हे वाचन जुळणारे होते. नळ्यांमध्ये हवा शिरलेली असती किंवा घरगुती गॅससारख्या हायड्रोकार्बनची मोठी भेसळ असती तर आकडा यापासून हटला असता.

मात्र याच वाचनातून एक मोठा गैरसमज जन्माला येतो. बंद यंत्रणेत द्रव आणि वायू एकत्र असताना दाब केवळ तापमानावर ठरतो. आत २०० ग्रॅम असो वा ५०० ग्रॅम, द्रवाचा थोडा अंश शिल्लक आहे तोवर ३० अंशांना काटा ९७ वरच उभा राहील. स्वयंपाकघरातील सिलिंडर अर्धा असला काय आणि पाऊण असला काय, त्याच्या दाबावरून ते कळत नाही, तो उचलून किंवा तोलूनच कळते; तोच नियम येथे आहे. म्हणून उभ्या गाडीच्या दाबावरून 'गॅस भरपूर आहे' असे म्हणणे चूक आहे आणि चालत्या एसीच्या दाबावरून गॅसचे प्रमाण ठरवणेही तितकेच फसवे आहे, कारण तेथे पंखा, हवेचे तापमान, इंजिनचा वेग आणि ब्लोअरचा वेग हे सगळेच काट्याला ओढत असतात.

वायूची शुद्धता केवळ दाबावरून ठरवणेही आम्ही टाळतो. २०११ मध्ये आर-१३४ए म्हणून विकल्या गेलेल्या भेसळीच्या मालात आर-४०, म्हणजे मिथाइल क्लोराइड, आढळले होते; ते अॅल्युमिनियमशी अभिक्रिया करते आणि त्यामुळे जहाजांवरून जाणाऱ्या वातानुकूलित कंटेनरच्या यंत्रणांचे स्फोट होऊन कामगारांचे मृत्यू झाले. अशी भेसळ दाब जुळेल अशा प्रमाणात केलेली असू शकते. म्हणून यंत्रणेतील वायू आमच्या साठवणीच्या सिलिंडरमध्ये ओढून घेण्यापूर्वी तो ओळखयंत्रावर तपासला. तो आर-१३४ए च निघाला.

चालू एसीचे वाचन

पुढची वाचने ठरलेल्या परिस्थितीत घेतली : दुपारची वेळ, सावलीत हवा ३५ अंश, इंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर, ब्लोअर पूर्ण वेगात, दारे उघडी. परिस्थिती बदलत राहिली तर दुरुस्तीपूर्वीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना व्यर्थ ठरते.

सक्शनच्या बाजूला ५२ पीएसआय आणि डिस्चार्जच्या बाजूला ३३० पीएसआय असे आकडे आले. हे आकडे तापमानात मांडले की त्यांचा अर्थ उलगडतो. आर-१३४ए साठी ३३० पीएसआय म्हणजे सुमारे ७५ अंशांना द्रवीभवन. बाहेर ३५ अंश असताना कंडेन्सर ७५ अंशांवर काम करत होता, म्हणजे फरक ४० अंशांचा होता. सुदृढ यंत्रणेत तो साधारण १५ ते २५ अंशांच्या दरम्यान राहतो. सक्शनचे ५२ पीएसआय म्हणजे डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमधील द्रव सुमारे १३ अंशांना उकळत होता. कॉइलच १३ अंशांची असेल तर तिच्यावरून येणारा वारा त्याहून गार येणे शक्य नाही. डॅशबोर्डच्या मधल्या झडपेत ठेवलेला तापमापक २० अंशांच्या खाली गेला नाही, तो त्यामुळेच.

एसी तसाच चालू ठेवला तेव्हा डिस्चार्जचा काटा हळूहळू चढत ४४५ पीएसआयच्या पुढे गेला आणि कंप्रेसरला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणारा क्लच 'टक्' करून सुटला. बाईंनी विटाव्याला ऐकलेला आवाज हाच होता. यंत्रणेतील प्रेशर स्विच अशा गाड्यांमध्ये साधारण ३२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे ४५५ पीएसआयच्या आसपास, कंप्रेसर बंद करतो. दाब उतरला की पुन्हा जोडतो. ज्या घटनेवरून कंप्रेसर बाद ठरवला गेला होता ती घटना म्हणजे कंप्रेसर वाचवण्यासाठी बसवलेल्या स्विचने आपले काम केल्याचा पुरावा होती. शिवाय ज्या कंप्रेसरचे व्हॉल्व्ह किंवा पिस्टन झिजले आहेत तो एवढा दाब चढवूच शकत नाही. त्याच्या बाबतीत सक्शन चढलेले आणि डिस्चार्ज उतरलेले, असे चित्र दिसते. येथे दोन्ही चढलेले होते.

क्लच पुन्हा जोडला गेल्यावर आम्ही पाण्याचा मंद फवारा कंडेन्सरवर सोडला. काही क्षणांतच डिस्चार्ज २३० पर्यंत आणि सक्शन ३९ पर्यंत उतरले व झडपेतून गार वारा येऊ लागला. उष्णता बाहेर टाकली जात नाही, हे एवढ्यावरून निश्चित झाले. ही चाचणी फुकटची आहे आणि कोणत्याही गॅरेजात करता येण्यासारखी आहे. ती इतकी कमी का केली जाते हे मला समजत नाही. बहुधा तिचे बिल करता येत नाही म्हणून असेल.

पंखा

या गाडीत रेडिएटरच्या मागे दोन पंखे शेजारी शेजारी आहेत : डावा रेडिएटरचा, उजवा कंडेन्सरचा. दोघांनीही समोरून हवा ओढून इंजिनच्या दिशेने टाकायची असते. एसी लावताच दोन्ही पंखे फिरत होते. यापूर्वीच्या प्रत्येक तपासणीत 'पंखा चालू आहे' एवढे पाहून पुढे जाणे झाले असावे, कारण फिरणाऱ्या पंख्याची दिशा डोळ्याला कळत नाही आणि आवाजही सारखाच येतो.

आम्ही समोरच्या ग्रिलवर कागदाचा तुकडा धरला. डाव्या बाजूला तो जाळीला घट्ट चिकटला. उजव्या बाजूला तो हातातून उडून बाहेर आला. कंडेन्सरचा पंखा उलटा फिरत होता.

याचा परिणाम केवळ 'वारा कमी' एवढ्यावर थांबत नाही. उलटा फिरणारा पंखा इंजिनाजवळची तापलेली हवा ओढून ती रेडिएटर आणि कंडेन्सरमधून पुढे फेकतो. ती हवा ग्रिलपाशी आली की शेजारचा सरळ फिरणारा पंखा तिला पुन्हा आत ओढतो. त्यामुळे गाडी उभी असताना त्याच गरम हवेचे आवर्तन चालू राहते आणि दर फेरीला ती अधिक तापते. गाडी वेगात असली की समोरचा वारा या पंख्यावर मात करतो आणि कंडेन्सर कसाबसा निभावतो. इंजिन मात्र तापत नव्हते, कारण रेडिएटरच्या वाट्याचा पंखा बरोबर होता. तापमानाचा काटा नेहमीपेक्षा किंचित वर राहत असे, पण लाल खुणेपर्यंत जात नसे. तो तेथवर गेला असता तर दोष पहिल्याच उन्हाळ्यात सापडला असता.

पंखा उलटा कसा झाला, याचे उत्तर वायरींमध्ये होते. मोटर मूळची नव्हती. तिचा कनेक्टर कापून दोन वायरी पिळून, वर काळी टेप गुंडाळून जोडलेल्या होत्या, आणि त्या अदलाबदल झालेल्या होत्या. अशा पंख्यांची मोटर डीसी असल्यामुळे धन आणि ऋण टोके बदलली की ती तितक्याच निमूटपणे उलट दिशेने फिरते. फ्यूज उडत नाही, दिवा लागत नाही. पात्यांचा बाक मात्र एकाच दिशेसाठी असल्यामुळे उलट दिशेला वाराही कमी पडतो. बाईंना विचारल्यावर कळले की २०२१ च्या पावसाळ्यात गाडी समोरून हलकीशी धडकली होती. तेव्हा बंपर, ग्रिल आणि एक पंखा बदलला गेला. एसीची पहिली तक्रार त्यानंतरच्या उन्हाळ्यात, एप्रिल २०२२ मध्ये आली. मध्ये हिवाळा गेल्यामुळे या दोन घटनांचा संबंध कोणी जोडला नाही.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. २०२२ आणि २०२३ मध्येही मे महिन्यात एसी कमीच पडला होता, पण बाई तक्रार घेऊन परत गेल्या नाहीत, कारण जूनमध्ये पाऊस सुरू होताच हवेचे तापमान उतरले, रस्त्यावरचे पाणी कंडेन्सरवर उडू लागले आणि एसी 'आपोआप' सुधारला. आपल्याकडील पावसाळा एसीच्या किती तरी दोषांवर असे चार महिन्यांचे पांघरूण घालतो आणि ते पुढच्या एप्रिलमध्ये 'गॅस गेला' या नावाने उघडे पडतात.

वायरी योग्य क्रमाने लावून त्यांना झाळ दिली आणि वर आवरणनळी चढवली. या टप्प्यावर गॅसला हात न लावता त्याच परिस्थितीत वाचन पुन्हा घेतले : सक्शन ४४, डिस्चार्ज २६५. एका वेळी एकच बदल करून वाचन घ्यावे, हा नियम कंटाळवाणा असला तरी त्याचे फळ येथे लगेच मिळाले. पंखा सुधारल्यामुळे दाब ६५ पीएसआयने उतरला होता, परंतु तो अद्याप अपेक्षेपेक्षा जास्तच होता. म्हणजे दुसरे काही तरी शिल्लक होते. कंडेन्सरच्या जाळीत घोडबंदर रस्त्यावरच्या मेट्रोच्या कामाची धूळ आणि किडे अडकलेले होते. ती मागून पुढे कमी दाबाच्या पाण्याने धुतली. त्याने आणखी दहाएक पीएसआय उतरले.

वजन

बोनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर या गाडीसाठी आर-१३४ए चे प्रमाण ४२० ग्रॅम दिलेले आहे. पट्टी पुसट झाली होती, पण वाचता येत होती. यंत्राने सगळा वायू ओढून घेऊन तोलला तेव्हा तो ५३० ग्रॅम भरला. अशा यंत्रात १०-१५ ग्रॅम इकडेतिकडे होऊ शकतात हे गृहीत धरले तरी यंत्रणेत ठरलेल्या प्रमाणाच्या सव्वापट वायू होता. 'तीन आठवड्यांत गेलेला' गॅस जागच्या जागीच होता. तीन आठवड्यांत बदलले होते ते केवळ हवामान.

जास्तीचा वायू का भरला गेला, हे समजणे अवघड नाही. सुट्या कॅनमधून गॅस भरताना वजन केले जात नाही. गारवा हाताला लागेपर्यंत आणि सक्शनची नळी घामेजेपर्यंत गॅस सोडला जातो. या गाडीत उलट्या पंख्यामुळे गारवा पुरेसा येतच नव्हता, म्हणून 'आणखी थोडा' असे होत गेले. पण जास्तीचा वायू कंडेन्सरमध्ये द्रवरूपाने साचतो, द्रवीभवनासाठी उरलेली जागा कमी करतो आणि दाब आणखी चढवतो. त्यामुळे मूळ दोषावर केलेला उपाय त्या दोषात भरच घालत होता.

एका गोष्टीबद्दल येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. वर्षानुवर्षे प्रत्येक एप्रिलमध्ये आधीचा गॅस हवेत सोडून नवा भरणे ही प्रथा अनेक ठिकाणी चालते. आर-१३४ए ओझोनच्या थराला हानी पोचवत नाही, हे खरे असले तरी शंभर वर्षांच्या कालावधीत त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट धरली जाते. या लहान गाडीतील ४२० ग्रॅम वायू सोडून देणे म्हणजे सुमारे ६०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. मॉन्ट्रियल करारातील २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली असून या गटातील वायूंचा वापर २०२८ पासून गोठवून पुढे टप्प्याटप्प्याने कमी करायचा आहे. म्हणजे वायू ओढून, गाळून, तोलून पुन्हा वापरण्याची सवय गॅरेजांना लावून घ्यावीच लागणार आहे.

गळती

वायू जास्त निघाला म्हणजे गळती नाही, असा निष्कर्ष काढता येत नव्हता. यंत्रणा रिकामी झालेलीच होती, म्हणून तिच्यात कोरडा नायट्रोजन २०० पीएसआयपर्यंत भरून साबणाचे पाणी लावले. सक्शनच्या सर्व्हिस पोर्टमधील लहान व्हॉल्व्हवर बारीक बुडबुडे आले. दर वर्षी होज लावून काढल्याने त्याचे रबर झिजले होते आणि त्यावरचे प्लास्टिकचे झाकणही हरवलेले होते. दोन्ही पोर्टचे व्हॉल्व्ह बदलले. कंडेन्सरच्या सांध्यावरची ओ-रिंग (रबरी कडी) कडक झाली होती. तीही, आणि उघडलेल्या प्रत्येक सांध्यावरची, नवी घातली.

त्यानंतर पुन्हा संध्याकाळी ३४ अंशांना २०० पीएसआय भरून गाडी रात्रभर ठेवली. सकाळी २८ अंशांना काटा १९५ वर होता. नायट्रोजन द्रवरूप होत नसल्यामुळे त्याचा दाब तापमानाबरोबर प्रमाणात उतरतो आणि सहा अंशांच्या घटीसाठी हिशेबाने १९६ च्या आसपास अपेक्षित असतो. उरलेला एक पीएसआय काट्याच्या जाडीत जातो. हा हिशेब न करता 'पाच पीएसआय उतरले, कॉइल गळते' असे म्हणून डॅशबोर्ड उघडला जातो, तेव्हा गिऱ्हाइकाचे हजारो रुपये आणि गाडीच्या डॅशबोर्डचे निम्मे खिळे हकनाक जातात.

कूलिंग कॉइलवर संशय घेण्यास मात्र जागा होती. या गाडीला मुळात केबिन फिल्टर नाही. पंधरा वर्षांची धूळ ओल्या कॉइलवर बसून चिखल होतो, तो अॅल्युमिनियमला सतत ओले ठेवतो आणि कालांतराने सूक्ष्म छिद्रे पडतात. म्हणून नायट्रोजन भरण्यापूर्वी, यंत्रणेत वायू असतानाच, पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीच्या तोंडाशी गळतीशोधक धरून पाहिला होता. आर-१३४ए हवेपेक्षा जड असल्यामुळे कॉइल गळत असल्यास तो याच नळीतून खाली उतरतो. तेथे काही आढळले नाही. कॉइल जागेवरच फेस सोडून धुतली.

कंप्रेसरच्या पुढच्या बाजूला, पुलीच्या मागे, शाफ्टच्या सीलभोवती तेलकट डाग होता. हीच या प्रकरणातील खरी अनिश्चित जागा. उभ्या कंप्रेसरवर नायट्रोजन धरून ठेवणारे सील फिरताना थोडे झिरपू शकते आणि उभ्या चाचणीत ते पकडले जात नाही. डाग पुसून, सुकवून, जागा नोंदवून ठेवली.

कंप्रेसर आणि भरणी

कंप्रेसर बदलण्याचा प्रस्ताव समोर असल्यामुळे त्याची तपासणी स्वतंत्रपणे केली. वायू ओढताना त्याच्याबरोबर आलेले तेल पांढऱ्या कागदावर टाकून पाहिले. ते फिकट पिवळे होते, त्यात काळेपणा किंवा धातूची चमक नव्हती. झिजलेल्या कंप्रेसरचे तेल करडे होते आणि त्यातील कण कंडेन्सर व (द्रवाचा दाब उतरवून तो कॉइलमध्ये सोडणाऱ्या) एक्सपान्शन व्हॉल्व्हपर्यंत पोचतात, तेव्हाच तिन्ही वस्तू एकत्र बदलाव्या लागतात. येथे तशी गरज नव्हती. क्लचमधील अंतर फीलर गेजने मोजले, ते मर्यादेत होते. बेअरिंग निःशब्द होते.

ड्रायर मात्र बदलला, कारण त्यातील ओलावा शोषणारे दाणे किती वर्षांचे आहेत हे सांगता येत नव्हते आणि यंत्रणा उघडलेली होती. तेल जितके निघाले तितकेच त्याच प्रकारचे नवे पीएजी तेल परत घातले. व्हॅक्यूमच्या बाबतीत घाई केली नाही. ३० अंशांना पाणी उकळण्यासाठी निरपेक्ष दाब सुमारे ३२ मिलिमीटर पाऱ्याच्या खाली न्यावा लागतो. गेजवर २९ इंच व्हॅक्यूम म्हणजे साधारण २३ मिलिमीटर, म्हणजे या पातळीला नळ्यांतील ओलावा वाफ होऊन निघून जातो. पण तो निघायला वेळ लागतो, आणि मेअखेरच्या ठाण्याच्या दमट हवेत पीएजी तेल हवेतून पाणी झपाट्याने ओढते. पंप पाऊण तास चालवला, बंद केल्यावर काटा तेवढाच वेळ निरखला, आणि मग ४२० ग्रॅम वायू तोलून भरला.

त्याच परिस्थितीत घेतलेले अखेरचे वाचन असे : हवा ३५ अंश, सक्शन ३५ पीएसआय, डिस्चार्ज २१८ पीएसआय, मधल्या झडपेत ९ अंश. कॉइल आता ४ अंशांच्या आसपास काम करत होती आणि कंडेन्सर ५८ अंशांच्या. अर्धा तास उभ्या गाडीत एसी चालू ठेवला तरी क्लच दाबामुळे सुटला नाही. कॉइल पुरेशी गार झाल्यावर थर्मोस्टॅट तो अधूनमधून सोडत होता, आणि हे सुटणे इष्ट असते. गाडीखाली पडणारे पाणीही इष्टच असते, कारण ते आतल्या हवेतील बाष्प आहे. दोन्हींची कल्पना बाईंना दिली. ड्रायर, व्हॉल्व्ह, ओ-रिंग, तेल आणि मजुरी मिळून बिल पाच हजारांच्या आत बसले. पंख्याच्या वायरींचा वाटा त्यात नगण्य होता.

शाफ्टच्या सीलचा निर्णय

उरलेला प्रश्न शाफ्टच्या सीलचा होता आणि त्याचे तीन पर्याय बाईंसमोर ठेवले : सील बदलणे, पूर्ण कंप्रेसर बदलणे किंवा पाहत राहणे. या जुन्या कंप्रेसरचे मूळ सील मिळणे कठीण. बाजारातले सुटे सील शाफ्टवरच्या झिजेच्या खुणेवर बसले तर काही महिन्यांत पुन्हा गळते, हा आमचा अनुभव आहे. पुन्हा बनवलेल्या कंप्रेसरच्या दर्जाची खात्री देता येत नाही. नवा कंप्रेसर २०२९ पर्यंतच्या वापरासाठी, तोही आठवड्यातून एक-दोन फेऱ्यांसाठी, घेणे माझ्या मते समर्थनीय नव्हते. "मग वर्षाने वजन करून पाहू," असे बाईच म्हणाल्या, आणि तेच ठरले. यंत्रणेत गळती दाखवणारा रंग थोड्या प्रमाणात घातला. हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा म्हणजे सीलला तेल मिळत राहते, असे सांगितले.

एप्रिल २०२५ मध्ये, कोणतीही तक्रार नसताना, गाडी ठरल्याप्रमाणे आली. वायू ओढून तोलला तेव्हा तो ३९० ग्रॅम भरला. अतिनील दिव्याखाली शाफ्टच्या सीलभोवती हिरवट कडा दिसली. इतरत्र कोठेही रंग नव्हता. ३० ग्रॅमच्या घटीपैकी काही भाग रबरी होजमधून झिरपणारा, काही मोजणीतील फरकाचा आणि उरलेला सीलचा, असा आमचा अंदाज आहे. ४२० ग्रॅम पूर्ण करून गाडी परत दिली आणि पुढील वजन दोन वर्षांनी करण्याचे ठरवले. तोपर्यंत घट ८० ग्रॅमच्या पुढे गेली तरच सीलचा विचार करायचा, असे नोंदवहीत लिहून ठेवले आहे.